वन-स्टेप आणि कॅसल वॉक: रॅगटाइमच्या ठेक्यावर जोडीने चालायला कसे शिकावे

वन-स्टेप हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले जोडीनृत्य आहे आणि त्याचा नियम एका ओळीत सांगता येतो: संगीताच्या प्रत्येक ठोक्यावर एक पाऊल. कॅसल वॉक ही त्याचीच, चवड्यांवर किंचित उंच होत चालण्याची तऱ्हा आहे. फॉक्सट्रॉटमधली संथ आणि जलद पावलांची वाटणी येथे नाही, वॉल्ट्झची तीन ठोक्यांची घुमती फेरीही नाही. नियम इतका सोपा असूनही नवशिक्या जोड्या पहिल्या मिनिटातच गडबडतात, कारण त्यांचे पाय ठोका सोडून सुरावटीच्या मागे जाऊ लागतात, आणि रॅगटाइम या त्या काळच्या अमेरिकी संगीताची सुरावट तर ठोक्याला हुलकावणी देण्यासाठीच रचलेली असते. म्हणून या लेखात पावलांच्या आधी कानाची तयारी ठेवली आहे. नाचायची घाई असलेल्यांनीही तो भाग गाळू नये; पुढे जे काही बिघडते त्यातले बहुतेक तेथेच बिघडलेले असते.

नृत्य आले कोठून

१९१० च्या आसपास अमेरिकेत रॅगटाइमवर टर्की ट्रॉट, ग्रिझली बेअर, बनी हग अशी प्राण्यांची नावे असलेली नृत्ये नाचली जात. त्यांत खांदे उडवणे, कंबर हलवणे, जोडीदाराला कवटाळून डुलणे असे बरेच काही असे आणि त्यामुळे धर्मगुरू, वर्तमानपत्रे व प्रतिष्ठित घरांतील वडीलधारे यांचा त्यांवर मोठा रोष होता. या नृत्यांतील उसळी काढून टाकून केवळ ठोक्यावरचे चालणे शिल्लक ठेवले की जे उरते ते वन-स्टेप, असे ढोबळमानाने म्हणता येईल. हे काम सर्वांत यशस्वीपणे केले ते व्हर्नन आणि आयरीन कॅसल या दांपत्याने. व्हर्नन हा इंग्लंडमधील नॉर्विचचा, आयरीन न्यू यॉर्कजवळच्या न्यू रोशेलची. १९११ मध्ये त्यांचा विवाह झाला, १९१२ मध्ये पॅरिसच्या कॅफे द पारीमध्ये त्यांचे नाव झाले आणि डिसेंबर १९१३ मध्ये न्यू यॉर्कला, रिट्झ-कार्लटन हॉटेलच्या समोर, ‘कॅसल हाउस’ ही त्यांची नृत्यशाळा सुरू झाली. १९१४ मध्ये त्यांचे ‘मॉडर्न डान्सिंग’ हे पुस्तक निघाले. त्यात वन-स्टेपचे सविस्तर वर्णन आहे आणि काय करू नये याची एक कडक यादीही आहे: खांदे हलवू नका, कंबर हलवू नका, कोपरे फडफडवू नका, हात पंपासारखे वरखाली करू नका, उड्या मारू नका.

ही यादी वाचताना तिच्यामागचा हेतू लक्षात ठेवावा. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या नृत्यपरंपरेतून वर आलेली हालचाल श्रीमंत गोऱ्या घरांच्या दिवाणखान्यात चालेल अशी करून देणे, हा कॅसल दांपत्याचा व्यवसायच होता. मात्र त्यांच्या मागे वाजणारे संगीत कृष्णवर्णीय वादकांचेच होते आणि त्याचे नेतृत्व जेम्स रीज युरोप यांच्याकडे होते. युरोप यांचा जन्म १८८० चा, अलाबामातील मोबील येथला. १९१० मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमधील कृष्णवर्णीय वादकांची ‘क्लेफ क्लब’ ही संघटना उभी केली, २ मे १९१२ रोजी तिचा मोठा वाद्यवृंद घेऊन ते कार्नेगी हॉलमध्ये उभे राहिले आणि पुढे कॅसल दांपत्याचे संगीत-दिग्दर्शक झाले. व्हिक्टर कंपनीसाठी त्यांच्या वाद्यवृंदाने २९ डिसेंबर १९१३ रोजी ‘टू मच मस्टर्ड’ आणि १० फेब्रुवारी १९१४ रोजी ‘कॅसल हाउस रॅग’ व ‘कॅसल वॉक’ या रचना ध्वनिमुद्रित केल्या. वन-स्टेप शिकणाऱ्याला आजही याहून चांगले साहित्य मिळणार नाही, कारण हे संगीत नाचणाऱ्यांसाठी, नाचणाऱ्यांना ओळखणाऱ्या माणसांनी वाजवलेले आहे.

पहिला टप्पा: कान

रॅगटाइम मुळात पियानोचे संगीत आहे आणि ते समजून घ्यायचे तर पियानोवादकाचे दोन हात वेगवेगळे ऐकावे लागतात. डावा हात मार्चसारखा चालतो: खाली एक खर्जातला सूर, लगेच वर एक स्वरसमूह, पुन्हा खर्ज, पुन्हा स्वरसमूह. उजवा हात त्यावर सुरावट वाजवतो आणि तिचे आघात मुद्दाम ठोक्यांच्या अधेमधे टाकतो. नाचणाऱ्याचे पाऊल पडते ते डाव्या हाताच्या खर्जावर, उजव्या हाताच्या सुरावटीवर नव्हे.

आपल्याकडे ज्यांनी तबला किंवा ढोलकी थोडीफार ऐकली आहे त्यांच्यासाठी याचा सराव सोपा आहे. एक ते आठ असे आकडे सारख्या लयीत मोठ्याने म्हणावेत. हे रॅगटाइमचे एक आवर्तन झाले. पाय जमिनीवर टेकवायचा तो एक आणि पाच या मात्रांवर, म्हणजे केरव्यात जेथे आवर्तनाचे दोन भाग सुरू होतात तेथे. पाय स्थिर झाला की टाळी सुरू करावी आणि ती एक, दोन, चार, पाच, सात या मात्रांवर द्यावी. हा नमुना रॅगटाइमपूर्वीच्या केकवॉक नृत्याच्या संगीतातून आलेला आहे आणि हातापायांना तो फारसा जड जात नाही, कारण पायाच्या दोन्ही ठोक्यांवर टाळी पडतेच. आता यातली पाचव्या मात्रेवरची टाळी काढून टाकावी: एक, दोन, चार, सात. चौथ्या मात्रेवरचा सूर आता पाचवीवरून तसाच ओढला जातो आणि पाचवीवर पाय एकटाच पडतो, त्याला वरून कोणाचाही आधार मिळत नाही. नवशिक्याचा पाय नेमका येथे चौथ्या मात्रेवर घसरतो, म्हणजे सुराबरोबर लवकर पडतो. तो घसरायचा थांबेपर्यंत हा सराव खुर्चीत बसूनच करावा. आपल्या संगीतातील अनाघात, म्हणजे समेच्या आधीच येणारा आघात, ज्यांच्या कानात आहे त्यांना हे फार लवकर जमते.

यानंतर प्रत्यक्ष रचना ऐकावी. रॅगटाइमचे रचनाकार स्कॉट जॉप्लिन यांची १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मेपल लीफ रॅग’ ही त्यासाठी योग्य आहे, कारण तिच्यात डावा-उजवा भेद अगदी ठळकपणे ऐकू येतो. ती ऐकत खोलीत एकट्यानेच, हात मोकळे सोडून, खर्जावर चालावे. रॅगटाइम कधीही जलद वाजवू नये असे जॉप्लिन स्वतः आपल्या छापील रचनांवर बजावत असत. त्यांच्या मनातल्या संथ गतीला चालण्याचा सराव उत्तम होतो, मात्र नाचायच्या गतीहून ती कमी असते, त्यामुळे जोडीने उभे राहिल्यावर संगीत बदलावे लागेल.

ऐकण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे रचनेचे भाग. रॅगटाइमची रचना साधारणपणे सोळा आवर्तनांच्या भागांत बांधलेली असते. प्रत्येक भागाची सुरावट स्वतंत्र असते आणि बहुतेक भाग दोनदा वाजतात. एका आवर्तनात दोन पावले, म्हणजे एका भागात बत्तीस पावले. नवा भाग सुरू झाला हे कानाला कळले पाहिजे, कारण नाचात बदल करण्याची जागा तीच असते. बत्तीस पावले मोजत बसण्याची गरज नाही. आठ-आठ पावलांची चार वाक्ये असतात आणि चौथे वाक्य मिटते तेव्हा ते मिटत असल्याचे ऐकू येते.

काही वन-स्टेप सहा मात्रांच्या मार्चवरही नाचले जात. तेथे दादऱ्याची चाल धरावी आणि पाऊल पहिल्या व चौथ्या मात्रेवर टाकावे. आवर्तनात पावले दोनच; फक्त दोन पावलांमधली जागा तीन मात्रांची होते, त्यामुळे चालण्याला थोडा झोका येतो. आरंभी या रचना बाजूला ठेवाव्यात.

जागा, पादत्राणे, कपडे

बारा फूट लांबीची मोकळी खोली सुरुवातीला पुरते. जागा अरुंद असेल तर इमारतीची गच्ची किंवा सोसायटीचे सभागृह पाहावे, पण सिमेंटच्या खरखरीत जमिनीवर कॅसल वॉक करू नये, कारण त्यात सगळा भार चवड्यावर येतो आणि घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून नाचणेही टाळावे. चामड्याच्या तळव्याचे, टाचेला घट्ट बसणारे बूट सर्वांत चांगले; रबरी तळव्याचे बूट वळताना जमिनीला चिकटतात आणि गुडघ्याला पीळ बसतो.

या नृत्यात एक जोडीदार बहुतेक वेळ मागे मागे चालत असतो, हे कपडे निवडताना विसरू नये. साडी नेसून मागे चालताना निऱ्यांवर टाच पडते आणि तोल जातो. सरावाला सलवार, पँट किंवा घोट्याच्या वर थांबणारा स्कर्ट घालावा आणि साडीच नेसायची असेल तर ती चार बोटे वर नेसावी. आयरीन कॅसलने घट्ट कॉर्सेट बाजूला सारून सैल, हलके झगे वापरले आणि त्यांची फॅशन झाली, त्यालाही याच चालण्याची गरज कारणीभूत होती.

दुसरा टप्पा: उभे राहणे आणि धरणे

त्या काळी पुरुष नेत असे आणि स्त्री साथ देत असे. आज कोणीही नेऊ शकते, म्हणून पुढे ‘नेणारा’ आणि ‘साथीदार’ असे शब्द वापरले आहेत. दोघांनी समोरासमोर, मध्ये वीतभर अंतर ठेवून उभे राहावे. नेणाऱ्याचा उजवा तळवा साथीदाराच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या किंचित खाली; साथीदाराचा डावा हात नेणाऱ्याच्या उजव्या दंडावर किंवा खांद्यावर. नेणाऱ्याच्या डाव्या हातात साथीदाराचा उजवा हात, साधारण खांद्याच्या उंचीवर. हा हात धरण्यापुरता आहे, वल्हवण्यासाठी नाही.

वीतभर अंतर ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. त्याहून जवळ उभे राहिल्यास चालताना गुडघे आपटतात. त्याहून दूर गेल्यास उजव्या तळव्यातून जाणारी सूचना पाठीपर्यंत पोहोचत नाही आणि मग नेणारा हातांनी ओढू लागतो. सूचना छातीतून निघते: नेणाऱ्याने आधी आपला भार पुढे न्यावा आणि मगच पाऊल उचलावे. साथीदाराने तो भार जाणवताच पाऊल मागे टाकावे, आधी अंदाजाने टाकू नये. संगीताशिवाय, एकेक पाऊल थांबून, हे करून पाहावे. अनेक जोड्यांना येथे हसू येते आणि ते येऊ द्यावे. हसताना खांदे सैल पडतात.

तिसरा टप्पा: चालणे

नेणारा डाव्या पायाने पुढे आणि साथीदार उजव्या पायाने मागे, अशी सुरुवात करावी. पाऊल घरातल्या चालण्याएवढेच लांब असावे. लांब ढांग टाकली की साथीदाराला पळावे लागते. पाय जमिनीवरून फार न उचलता सरकवत न्यावा आणि ठोका पडेल त्याच क्षणी भार नव्या पायावर पूर्णपणे आलेला असावा. ‘पूर्णपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्धा भार मागच्या पायावर राहिला की पुढचे पाऊल उशिरा निघते, आणि एका मिनिटात सव्वाशे पावले टाकताना तो उशीर साठत जातो.

नेणाऱ्याने टाच किंवा तळवा एकदम टेकवून चालावे. साथीदाराने मागे जाताना आधी बोटे, मग चवडा, मग टाच असा क्रम ठेवावा आणि मांडीपासून पाय मागे न्यावा, नुसत्या गुडघ्यापासून नव्हे. डोके स्थिर ठेवावे. डोके स्थिर आहे की नाही हे पाहायचे तर आरशासमोरून बाजूने चालत जावे. डोक्याची रेषा वरखाली होत असेल तर गुडघे गरजेपेक्षा जास्त वाकत आहेत. पायांकडे पाहू नये. पायांकडे पाहणारा माणूस कमरेतून वाकतो आणि जोडीदाराच्या कपाळावर कपाळ आपटते.

ज्यांना लग्नसमारंभातल्या बॅण्डवर जाइव्ह नाचण्याची सवय आहे, गोव्यात किंवा वसई-वांद्र्याकडे असे पुष्कळ जण भेटतात, त्यांना येथे एक अडचण येते. त्यांच्या पायांत अधूनमधून दोन पावले एका ठोक्यात घ्यायची सवय मुरलेली असते आणि वन-स्टेपमध्ये ते पाऊल आपोआप घुसते. त्यांनी दोन-तीन रचना पूर्णपणे सरळ चालत, एकही वळण न घेता, काढाव्यात. कंटाळा येईल, पण सवय दुसऱ्या उपायाने जात नाही.

चौथा टप्पा: कॅसल वॉक

वन-स्टेपच्या चालण्यात एक बदल केला की कॅसल वॉक होतो, आणि तो बदल पाहायला किरकोळ वाटतो. चालताना प्रत्येक पावलावर चवड्यांवर किंचित उंच व्हायचे, पाय जरा ताठ ठेवायचे आणि तसेच मोकळेपणाने पुढे जात राहायचे. बहुतेक नृत्यांत ठोक्यावर शरीर खाली बसते. येथे ते ठोक्यावर वर येते. मार्चच्या जड ठोक्याला हलकेपणा येतो तो यामुळेच.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम भिंतीला हात लावून, जागेवरच, ठोक्यावर चवड्यांवर चढावे आणि दोन ठोक्यांच्या मध्ये उतरावे. उतरताना टाच जमिनीला पूर्ण टेकू देऊ नये. कागद सरकेल एवढी फट ठेवावी. मग एकट्याने पुढे चालावे, मग एकट्याने मागे चालावे. मागे चालणे कठीण आहे, कारण ताठ पायाने मागे जाताना शरीर आपोआप पुढे झुकते; साथीदाराने बेंबी आत ओढून पाठ सरळ ठेवावी. ताठ पाय म्हणजे गुडघे कुलूप लावल्यासारखे मागे ढकललेले असा अर्थ करू नये. गुडघ्याची वाटी हलवता येईल एवढी ढील हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्रास होतो.

उंच होण्याचे प्रमाण दोन बोटांपेक्षा जास्त नको. जास्त झाले की त्याची उडी होते, आणि उड्या मारू नका, सरकत राहा, असे कॅसल दांपत्यानेच सांगितले आहे. त्यांची जुनी मूक चित्रफीत पाहिली तर व्हर्ननची लांब, सडपातळ आकृती जवळजवळ सरळ रेषेत पुढे जाताना दिसते.

पोटऱ्यांना याचा ताण लवकर येतो. म्हणून आरंभी एक भाग साधे चालणे आणि एक भाग कॅसल वॉक अशी अदलाबदल करावी. त्या काळच्या दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे, बारा इंचीवर सुमारे चार. मिनिटाला एकशे वीस पावलांच्या गतीने चार मिनिटांत चारशे ऐंशी पावले होतात. तेवढी सगळी चवड्यांवर काढणे पहिल्या महिन्यात कोणालाही अपेक्षित नाही.

कोपरा आणि चक्र

बॉलरूममध्ये सर्व जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणजे नेणाऱ्याच्या डाव्या हाताला सभागृहाचा मध्य आणि उजव्या हाताला भिंत. कोपरा आला की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया साथीदाराला गर्रकन फिरवण्याची असते. कॅसल वॉकमध्ये तसे करत नाहीत. साथीदार मागे चालतच राहतो आणि दोघेही वळणाच्या आतल्या बाजूला थोडे कलतात; कोपऱ्यावर वळणारी सायकल कलते तसे, ही उपमा कॅसल दांपत्याच्या पुस्तकातलीच आहे. कलताना दोघांची शरीरे एकमेकांना समांतर राहिली पाहिजेत. फक्त नेणारा कलला तर साथीदाराच्या कमरेला हिसका बसतो.

कोपरा ओलांडल्यावर सरळ होण्याऐवजी तसेच कलते राहिले, तर जोडी आपोआप गोल फिरू लागते. हे वर्तुळ हळूहळू लहान करत न्यावे, जवळजवळ एका जागेवर फिरेपर्यंत, आणि मग एकदम सरळ होऊन पुन्हा सभागृहाच्या लांबीने निघावे. या नृत्यातला सर्वांत आनंदाचा क्षण हाच आहे असे माझे मत आहे, आणि तो जमण्यासाठी नवे पाऊल एकही शिकावे लागत नाही. वर्तुळ लहान होताना पावले लहान करावीत, लय मात्र तीच ठेवावी. सोळा पावलांत वर्तुळ मिटवून सतराव्या पावलाला बाहेर पडता आले तर सुरावटीच्या अर्ध्या भागाशी ते अचूक जुळते.

वळण आणि वेल

सरळ चालणे, कॅसल वॉक आणि चक्र एवढ्यावर एक संध्याकाळ सहज निघते. तरीही दोन गोष्टी जोडीला असाव्यात.

उजवीकडचे वळण: नेणाऱ्याने उजवे पाऊल साथीदाराच्या दोन पायांच्या मध्ये टाकून पाव वळावे, डावे पाऊल बाहेरून फिरवून आणखी पाव, आणि असेच पुढे, चार पावलांत एक पूर्ण फेरी. मध्ये जाणारे पाऊल नेमके मध्ये पडले नाही तर दोघे एकमेकांभोवती न फिरता एकमेकांपासून लांब जातात. हात ताणले गेलेले जाणवले की कारण हेच समजावे.

वेलीसारखे बाजूचे चालणे: नेणाऱ्याने भिंतीकडे तोंड करावे, म्हणजे नाचाची दिशा त्याच्या डाव्या हाताला येते. डावे पाऊल बाजूला, उजवे त्याच्या मागून ओलांडून, पुन्हा डावे बाजूला, उजवे पुढून ओलांडून. नेणारा मागून ओलांडतो तेव्हा साथीदार पुढून ओलांडतो आणि याउलट. आठ पावलांनंतर पुन्हा समोर चालायला लागावे. ओलांडताना कंबर थोडी फिरते, ती फिरू द्यावी. खांदे मात्र एकमेकांसमोर राहावेत.

संगीत कोणते आणि कोणत्या गतीने

जोडीने पहिला सराव मिनिटाला शंभर पावलांच्या आसपास करावा. भ्रमणध्वनीवरील संगीत वाजवणाऱ्या बहुतेक अ‍ॅपमध्ये गती कमी करण्याची सोय असते. जलद ध्वनिमुद्रण पाऊणपट गतीने लावले की ते आवाक्यात येते. मग हळूहळू एकशे वीस ते एकशे तीसपर्यंत चढावे. सेसिल मॅकलिन यांची १९११ ची ‘टू मच मस्टर्ड’ ही रचना पहिल्या सरावाला योग्य आहे, कारण तिची सुरावट सोपी आणि वाक्ये स्पष्ट आहेत. युरोप यांच्या वाद्यवृंदाने ती बरीच जलद वाजवली आहे, त्यामुळे गती कमी करूनच सुरुवात करावी. अशी जुनी ध्वनिमुद्रणे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ या संग्रहात मोफत ऐकता येतात. खरखर आणि दबलेला आवाज यांची सवय एका बैठकीत होते.

‘कॅसल हाउस रॅग’ शेवटी घ्यावी. आरंभी ती शिस्तीत चालते, पण शेवटाकडे वादकांचे लगाम सैल सुटतात, ड्रम्स पुढे येतात आणि बांधलेल्या सुरावटीची जागा एकत्र उधाणलेला गलका घेतो. पुढे जॅझ म्हणून जे ओळखले गेले त्याची चाहूल येथे लागते असे अनेक अभ्यासक मानतात. नाचणाऱ्याची कसोटी अशी की वरचा गोंधळ कितीही वाढला तरी गती वाढलेली नसते. वाढते ती फक्त घनता. पाय खर्ज सोडून ड्रम्सच्या मागे धावले की दहा पावलांत जोडी फुटते. पहिल्या टप्प्यातला टाळीचा सराव ज्यांनी पक्का केला आहे त्यांना हा भाग मजेचा वाटेल.

गर्दीत नाचताना

सभागृहात इतर जोड्या असतील तर पुढे पाहण्याची जबाबदारी संपूर्णपणे नेणाऱ्याची असते, कारण साथीदाराला मागे डोळे नसतात. साथीदाराला मात्र नेणाऱ्याच्या पाठीमागचे दिसते, आणि कोणी फार जवळ आले तर दंडावर हाताने हलका दाब देऊन सांगता येते. पुढची जोडी थांबली तर आपणही जागेवर ठोक्यावर पावले टाकत राहावे किंवा लहान चक्र घ्यावे. ठोका सोडून उभे राहू नये, मागची जोडी येऊन धडकते. संथ जोड्यांनी मध्याकडे आणि वेगवान जोड्यांनी भिंतीकडे राहण्याची पद्धत आहे. वेलीचे बाजूचे चालणे गर्दीत टाळावे, कारण त्याला रुंदी लागते.

रचनेचा शेवट बहुधा दोन ठळक ठोक्यांनी होतो. पहिल्यावर शेवटचे पाऊल टाकावे आणि दुसऱ्यावर दुसरा पाय त्याला आणून जुळवावा. शेवटी जोडीदाराला मागे वाकवून धरण्याचा मोह अनेकांना होतो. अशा खोल, कसरतीच्या झुकण्यांना कॅसल दांपत्याच्या यादीत स्पष्ट मनाई आहे, आणि चार मिनिटे चवड्यांवर काढलेल्या पोटऱ्यांनाही ते झेपत नाही.